सात घरं, चौदा तुळशी

चहा आधी संपवा, मग सांगते. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आमच्या गल्लीत मी जे करून ठेवलंय ना, ते निस्तरता निस्तरता वर्ष गेलं. आणि नावं ठेवायला दुसरं कुणी नाही हो, अथपासून इतिपर्यंत सगळं माझंच.

आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, नई सडकेच्या मागच्या गल्लीत. गल्लीत चौदा घरं. पहिलं आमचं, सातवं भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, अण्णांचे, शाळेपासूनचे मित्र. दोघांनी ऐंशी ओलांडली, पण रोज सकाळी बुद्धिबळाचा डाव म्हणजे डाव. भाऊसाहेबांचे पाय गेले तसे ते घराबाहेर पडेनात, म्हणून अण्णा जायचे तिकडे.

मग गेल्या वर्षी दिवाळीत अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हातात वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, सपाट जागेवर चाला. सपाट जागा होती ना! नवाकोरा फुटपाथ, रंगीत फरशांचा, थेट भाऊसाहेबांच्या दारापर्यंत. फक्त त्यावर गाड्या उभ्या होत्या.

पहिली चढली गुप्ताजींची पांढरी गाडी. तिच्या शेजारी दुसरी, मग तीन स्कूटर, मग कुणाचा तरी मोडका कूलर. अण्णा वॉकर घेऊन निघायचे आणि गुप्ताजींच्या बंपरला टेकून परत यायचे. खाली रस्त्यावर उतरायची सोय नाही, ई-रिक्षावाले अंगावरून जातात. शेवटी दोघं म्हातारे फोनवर डाव मांडायला लागले. इकडे एक पट, तिकडे एक पट. आणि दोघंही लबाडी करायचे. अण्णांचा मेलेला घोडा दुसऱ्या दिवशी जिवंत व्हायचा, तिकडे भाऊसाहेबांना तीन हत्ती.

एके दिवशी फोन ठेवून अण्णा नुसतेच पटाकडे बघत बसले. म्हणाले, "सात घरं गं. आणि मी त्याचं तोंड बघितलं नाही दोन महिने."

झालं. माझं डोकं फिरलं. मी त्या दिवशी गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव 'पहले पैदल', ॲडमिन मी. नियमही मीच केला: ज्याची गाडी फुटपाथवर दिसेल तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा, आणि त्या माणसाने भर गल्लीत कान धरून माफी मागायची.

सगळ्यांना नियम इतका आवडला की काय सांगू. सगळ्यांनी एकमेकांच्या गाड्यांचे फोटो टाकले. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. कान कुणीही धरले नाहीत आणि गाड्या जागच्या हलल्या नाहीत.

मग संक्रांत आली. आता बघा, आमचं हळदीकुंकू म्हणजे गल्लीतला मोठा सोहळा. मराठी घरं आमची दोनच, पण बाकीच्या बारा घरांतल्या बायकाही नटूनथटून येतात आणि "भाभीजी, इस बार वाण में क्या है?" असं डिसेंबरपासूनच विचारायला लागतात. मी तिळगूळ वळत बसले होते आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाणात तुळस द्यायची! सिमेंटच्या मोठ्या कुंडीत, ज्याच्या त्याच्या दारासमोर, फुटपाथच्या अगदी कडेला. गाडी चढणार कुठून? तुळशीवर गाडी घालेल असा माणूस आख्ख्या लष्करात सापडायचा नाही.

मी नाचत यांना सांगायला गेले. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लोक कुंडी सरकवतील आणि गाडी लावतील."

खरं होतं ते. मी रात्रभर विचार केला, आणि तिथेच घोडचूक केली.

हळदीकुंकवाच्या दिवशी चौदा दारांत चौदा कुंड्या तयार. बायका खूश. मी मधोमध उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "देखिए, हमारे यहाँ मानते हैं कि वाण की तुलसी एक बार जहाँ बैठ गई, वहाँ से हिलाते नहीं. घर को दोष लगता है."

कोण मानतं? कुणीही नाही. दोन मिनिटांपूर्वी मी जन्माला घातलेलं शास्त्र ते! आतून अण्णा माझ्याकडे टकामका बघत होते. पण बायकांनी कानाला हात लावले. गुप्तांची सरला तर म्हणाली, "भाभीजी, हिलाना तो दूर, हम छूने नहीं देंगे किसी को."

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी फुटपाथ रिकामा! गाड्या खाली रस्त्याला लागून ओळीत उभ्या राहिल्या. कडेला तुळशी, आत मोकळी वाट. अण्णांना म्हटलं, थंडी ओसरली की निघायचं. मी आठ दिवस हवेत होते. बाजारात भाजीवालीलासुद्धा थांबवून सांगितलं.

पण ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला माहीत नाही. तुळशी माना टाकायला लागल्या. सरलाने आपल्या तुळशीला शाल पांघरली. ते बघून शेजारच्या घराने स्वेटर घातला. मग त्यांच्यात लागली चढाओढ. कुणी विटांचा कट्टा बांधला, कुणी त्यावर देवाच्या चित्रांच्या फरशा लावल्या, कुणी बकरी खाईल म्हणून लोखंडी जाळी ठोकली. थंडी सरेपर्यंत तुळशी तरारल्या. आणि एका सकाळी बघते तर काय, सरलाची कुंडी फुटपाथच्या मधोमध!

"सरला, ये बीच में कैसे आई? हिलाते नहीं हैं ना?"

"हमने कहाँ हिलाया भाभीजी? दोष लगेगा, इसलिए पहले उसकी चारों तरफ़ से आरती की, माफ़ी माँगी, फिर लाए. परिक्रमा के लिए चारों ओर जगह चाहिए कि नहीं? अब यहाँ बैठ गईं, अब नहीं हिलेंगी."

महिनाभरात आमची सोडून सगळ्या तुळशी मधोमध. पहाटे तेरा बायका तेरा तुळशींभोवती गोल गोल फिरतायत, संध्याकाळी चौदा दिवे. फुटपाथवर गाडी एक नाही. आणि वॉकर जायला वीतभर वाट नाही.

अण्णा उत्साहाने निघाले, आमच्या शेजारच्या पहिल्याच कट्ट्यापाशी अडले. मग तुळशीला नमस्कार केला आणि माघारी वळले. म्हणाले, "गाडीवाल्याला निदान शिव्या देता यायच्या गं."

मला इतकं वाईट वाटलं ना. मी सरलाकडे गेले, हातापाया पडले. म्हटलं, "थोडी किनारे कर लें? बाबूजी को निकलना है."

"हे राम! आप कह रही हैं? आपने ही तो बताया था."

घरोघरी गेले. घरोघरी माझंच शास्त्र मला ऐकवलं. एकीने तर तिच्या माहेरी फोन करून तिकडेही ते लागू केलं होतं. बरं, आता खरं काय ते सांगून टाकावं, तर सांगू कोणत्या तोंडाने? वाण खोटं बोलून दिलं म्हणू?

शेवटी मी गाड्या उचलणारी क्रेन बोलावली. हो, मीच. फोनवर नुसतं म्हटलं, फुटपाथ अडलाय. क्रेनवाला आला, त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"मैडम, गाड़ी कहाँ है?"

"गाड़ी नहीं भैया. ये… ये सब."

त्याने हळूच चपला काढल्या. "तुलसी माता पर हुक डलवाएँगी हमसे? किसने रखवाई हैं?"

चौदा दारांतून तेरा बोटं माझ्याकडे वळली. "इन्होंने!" क्रेनवाला पुढे आला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, असं काम प्रत्येक मोहल्ल्यात व्हायला पाहिजे.

हे असं कार्तिकापर्यंत चाललं. कार्तिकात काय येतं? तुळशीचं लग्न! बायकांनी ठरवलं, लग्न जोरात करायचं, भाऊसाहेबांच्या दारातल्या तुळशीचं, आणि मंगलाष्टकं म्हणायची आमच्या अण्णांनी. अण्णांनी कपाटातून धोतर काढलं, उपरणं काढलं, आणि सदऱ्याच्या खिशात हळूच पांढरा वजीर टाकला. लग्नाचं निमित्त हो, त्यांना जायचं होतं डावाला.

पण जायचं कसं? गुप्ताजी म्हणाले, "मेरी गाड़ी में बिठा लेता हूँ." आमचा रस्ता एकेरी, सात घरं उलट दिशेला. म्हणजे अण्णा सातव्या घरी जायला निघाले ते पार इंदरगंज चौकाचा वळसा घालून. चौकात वरात अडकलेली. पाऊण तास लागला. मी पैठणी नेसून भाऊसाहेबांच्या दारात घिरट्या घालतेय, आणि भाऊसाहेब दारात चाकांच्या खुर्चीवर, मांडीवर पट घेऊन.

आली एकदाची पांढरी गाडी. पण थांबणार कुठे? रस्त्याच्या कडेला गाड्यांची भिंत, मागून हॉर्न, ई-रिक्षा घासून जातायत. अण्णांनी दार उघडून पाय बाहेर काढला आणि परत आत घेतला. गुप्ताजी म्हणाले, "भाभीजी, आगे निकालूँ? फिर चक्कर लगाके आता हूँ."

म्हणजे परत इंदरगंज! अण्णांचा चेहरा बघवेना. दहा हातांवर भाऊसाहेब, आणि हा माणूस काचेतून त्यांच्याकडे बघतोय.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. फुटपाथवर चढायला उतार होता तेवढीच जागा गाड्यांनी सोडली होती, पण तिथे शेजारच्या घराची कुंडी होती, त्या एकीनेच अजून कट्टा बांधला नव्हता. मी पदर खोचला, कुंडीला म्हटलं, "माते, दोनच मिनिटं," आणि ती काठावर गरागरा फिरवत भिंतीकडे नेली. आणि मग दोन्ही हात वर करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आने दो! आने दो, आने दो… चढ़ा दो भाईसाब, और ऊपर!"

गाडी चढली. अण्णा उतरले ते थेट भाऊसाहेबांच्या उंबऱ्यावर. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघतच राहिले. माझ्या तर डोळ्यांना धार लागली. मग भाऊसाहेब म्हणाले, "वजीर आणलास? चोरा, तो मी आषाढातच मारला होता."

एवढ्यात फोन वाजला. माझाच नाही, गल्लीतले सगळेच. 'पहले पैदल' ग्रुपवर फोटो. फुटपाथवर चढलेली पांढरी गाडी, आणि तिच्यापुढे पैठणी नेसून हात हलवणारी बाई. खाली सरलाने लिहिलं होतं: गाड़ी हमारी है, पर चढ़वाई एडमिन ने है.

आता नियम म्हणजे नियम. तुळशीच्या लग्नाला जमलेल्या सगळ्या वऱ्हाडासमोर मी दोन्ही कान धरून उभी राहिले. ग्रुप काढल्यापासून कान धरणारी मी पहिली, आणि आजतागायत एकटीच.

मी कान सोडते तोवर मागून अण्णांचा आवाज आला. "माधवी, गुप्ताजींना म्हणावं, गाडी इथेच राहू दे रोज. डाव लांबणार आहे."