दहशत कोणाची?

आमच्या घरात आजारालाही उर्दू नाव असतं. माणूस एखाद्या धक्क्यातून बाहेरच येत नसेल, दचकत असेल, जेवण सुटलं असेल, तर आम्ही म्हणतो, याला दहशत बसली. आर्णीतल्या आमच्या मोहल्ल्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं. यवतमाळच्या त्या शिकल्यासवरल्या डॉक्टरला मात्र कळलं नाही, आणि ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

माझ्या थोरल्या भावाचं, भाईजानचं, टायर-पंक्चरचं दुकान. एका दुपारी हवा भरायच्या कॉम्प्रेसरची टाकी फाटली आणि त्याचा भागीदार जागीच गेला. भाईजानला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर कुणी चाकात हवा भरायला लागलं की त्याचे हात कापायचे. कुकरची शिटी झाली की ताट सोडून तो अंगणात. अम्मीनं दर्ग्यातून धागा आणून बांधला, तरी फरक पडेना. मग मीच हट्टानं त्याला यवतमाळला नेलं. तिथं इलाज होईल, माझा भाऊ मला पहिल्यासारखा मिळेल, एवढीच आशा होती.

"साहेब, भाईजानले दहशत बसली," मी सांगितलं.

डॉक्टरनं आधी त्याच्या दाढीकडे पाहिलं. "दहशत? कोणाची? कोणी धमकी दिली का? गावात दंगल वगैरे झाली?"

भाईजान खाली मान घालून म्हणाला, "कोनाची नाही साहेब. हवेची."

"म्हणजे बाहेरची हवा लागली म्हणता? अहो, कोणत्या जमान्यात राहता!" आणि डॉक्टर हसला.

हसला! मी टाकीचं सांगायला गेलो तर म्हणाला, पेशंटला बोलू द्या. पेशंट काय बोलणार? दाढी दिसली की दंगल, हवा म्हटलं की भूत. नेमकं झालं काय, हे विचारलंच नाही. झोपेच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला हाक मारली. अरे, शब्द कळला नाही तर विचारायला तुझी जीभ झडते का?

परतताना एसटीत ओळखीचे एक शेतकरी भेटले. "काय भाऊ, दवाखान्यात कायले गेलते?"

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. भाईजाननं माझा हात दाबला. "काही नाही जी," तो म्हणाला, "पाठ धरली."

त्यानंतर मी त्याला आणखी दोन डॉक्टरांकडे नेलं. दोघांनाही त्यानं पाठच दाखवली. त्याच्या पाठीला काहीही झालेलं नाही, हे मला माहीत आहे. आणि दुसरं काही तो आता कुणालाच सांगणार नाही.