राजकन्येचे तिकीट

युरोपातल्या एका राजघराण्याचा परभणी जिल्ह्यात जर कोणी आप्त होऊन गेला असेल, तर तो चुडावा स्टेशनाच्या तिकीटखिडकीमागे बसत असे आणि तो माझा साडू होता. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. माझे मेहुणे लग्नाकार्यात पंगत उठली की साडूंची गोष्ट सांगतात आणि ‘माणूस चळला होता’ या वाक्याने ती संपवतात. साडूंच्या मुलीच्या सासरची, देवगाव फाट्याकडची मंडळी ती वेगळी सांगतात. तिच्यात मी कारस्थानी ठरतो. आमच्या समाजातले काही उत्साही तरुण हल्ली तिसरीच सांगू लागले आहेत आणि तिच्यात मला हारतुरे मिळतात. तिन्ही खोट्या आहेत. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. साधन कोणते आणि अफवा कोणती, हे मला मेहुण्यांकडून शिकण्याची गरज नाही.

पहिला मुद्दा चित्राचा. मेहुणे म्हणतात, साडूंनी ती राजकन्या सिनेमाच्या जाहिरातीतून कापली. साफ खोटे. निजामाच्या रेल्वेत ते नुकतेच लागले तेव्हा बेवारस पार्सलांच्या खोलीत एक चिनी मातीची बरणी निघाली, ती एका इंग्रजी सचित्र साप्ताहिकाच्या पानात गुंडाळलेली होती. बरणी नियमाप्रमाणे लिलावात गेली. पान साडूंनी ठेवून घेतले आणि आपल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले. त्या पानावर एक तरुण स्त्री आगगाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. काखेत लाकडी पेटी, मागे दोन बंदूकवाले शिपाई, आणि चेहऱ्यावर, साडूंच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘गाडी सुटायच्या टायमाला मानसाचं तोंड व्हतंय ना, तसं.’ राज्य बुडाल्यावर राजकन्येला देशाबाहेर घालवीत असल्याचा मजकूर खाली होता. परंतु पानाचा कोपरा फाटलेला असल्यामुळे राजकन्येचे नाव गेले होते आणि देशाच्या नावाचा केवळ शेवटचा ‘या’ उरला होता. युरोपातले निम्मे देश ‘या’वर संपतात. त्यातला नेमका कोणता, यावर आमचे वीस वर्षे भांडण चालले.

साडू तिला आक्कासाहेब म्हणत. मी एकदा चिडून विचारले, “तुमची कोण लागते ती?”

“बहीन.”

“कशावरून?”

“इतकी वर्सं फोटो माज्या पेटीत हाय, गुरुजी. परक्या बाईचा कोन ठेवतंय?”

या उत्तराला इतिहासशास्त्रात तोड नाही, म्हणून मी तो विषय सोडला. मात्र माझ्याकडची युरोपच्या इतिहासाची एक जाड प्रत त्यांनी नेली ती नेलीच, आणि तिच्यातून ‘या’वर संपणारा आपल्या पसंतीचा एक देश निवडून त्या घराण्याच्या सोळा पिढ्या तोंडपाठ केल्या. पाठ केल्या त्याही रेल्वेच्या पद्धतीने. मूळपुरुष म्हणजे मनमाड. तिथून एकेक राजा एकेक स्टेशन. दत्तक आला की “हितं गाडी बदलायची”. धाकट्या पातीचे लोक म्हणजे ब्रँच लाईन. निपुत्रिक गेलेला राजा म्हणजे “फुडं रूळ न्हाईत”. समोर गाडी उभी असताना खिडकीतून एका हाताने तिकीट देत आणि दुसऱ्या हाताची बोटे मोडीत ते नवव्या राजापासून बाराव्यापर्यंत पोचत, आणि पूर्ण्याला निघालेला एखादा शेतकरी सुट्या पैशांसाठी हात पुढे करून ते सगळे ऐकून घेई. याच माणसाला स्वतःच्या पणजोबाचे नाव विचारले तर तो खिडकीबाहेर पाहू लागे. ते नाव मलाही ठाऊक नव्हते. माझ्याही पणजोबाचे मला ठाऊक नाही. गावच्या भाटाची वही आमच्या वस्तीपर्यंत कधी आली नव्हती. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मागे टाकण्यासारखी नावेसुद्धा आमच्याजवळ फारशी नव्हती.

त्यांच्या खुर्चीविषयीही पुष्कळ बरळले जाते. चुडाव्यासारख्या स्टेशनात खुर्च्या दोनच. एकीवर मास्तर बसत, आणि दुसरी साडू रोज सकाळी पुसून भिंतीला लावून ठेवीत. तिच्यावर कोणी बसायचे नाही. ते स्वतः स्टुलावर बसून तिकिटे देत. एकदा तपासणीला आलेले मोठे साहेब थेट तिच्याकडे वळले, तेव्हा साडू नम्रपणे आडवे आले. “साहेब, ही रिझर्व हाय.” साहेबांनी विचारले, “कुणासाठी?” साडू म्हणाले, “एक पॅशिंजर हाय. गाडी लेट हाय.” साहेबांना वाटले, गाडी दोन-तीन तास उशिरा असेल. ते उभ्याउभ्याच वह्या तपासून निघून गेले आणि जाताना शिस्तीबद्दल चांगला शेरा लिहून गेले. मेहुण्यांच्या गोष्टीत येथे साडूंना दंड होतो. तो शेरा मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे.

परंतु त्यांचा जीव खरा अडकला होता तो एकाच प्रश्नात. चित्राकडे पाहता पाहता ते मध्येच म्हणत, “गुरुजी, आक्कासाहेबांचं तिकीट कुनी काढलं असंल?”

“सरकारने काढले असेल.”

“सरकारनं धाडलं तर वारंट असतंय, फुकटात न्यायचा कागद. तिकीट येगळं. अन् काढलं असंल तर शिंगलच काढलं असंल. रिटर्न कोन देतंय?” एवढे बोलून ते पेटीचे झाकण लावीत. त्या दिवशी त्यांच्या घरी भाकरी उरत असे.

त्यांना एकच मुलगी. तिचे नाव त्यांनी राजकन्या ठेवले. आमच्या भागात हे नाव ठेवतात, त्यात विशेष नाही. परंतु तिचे नाव कोणावरून ठेवले, हे चुडाव्यातल्या कुत्र्यालाही ठाऊक होते. घरात राजकन्या म्हटले की ती मुलगी आणि आक्कासाहेब म्हटले की ती युरोपातली, असा त्यांचा स्वच्छ हिशेब होता. माझा उलटा होता. मुलीला मी राजी म्हणत असे, आणि ‘तुमची राजकन्या’ हे शब्द साडूंना डिवचण्यासाठी राखून ठेवलेले होते. हा तपशील कृपया ध्यानात ठेवावा. पुढचा सगळा अनर्थ त्यात आहे.

राजीचे लग्न मी जमवले. देवगाव फाट्याजवळचे घर, माझ्या लांबच्या नात्यातले. साडूंनी मला एवढेच विचारले होते, “गुरुजी, घरानं कसं हाय?” मी म्हणालो, “तुमच्या युरोपपेक्षा पक्के आहे.” लोक हसले. साडूही हसले. लग्नाला सहा वर्षे झाली, राजीला मूल झाले नाही, आणि शेवटची तीन वर्षे तिला माहेरी धाडणे सासरच्यांनी बंद केले. साडू न्यायला गेले तर दारातूनच चहा पाजून परत लावीत. माझी मेहुणी, म्हणजे राजीची आई, दर भेटीत म्हणे, “दाजी, तुमी एकडाव बोला की त्यांना. तुमचं ऐकतेत ते.” मी म्हणे, “बोलतो.” मी बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर मी पारखलेले घराणे कसे निघाले ते मलाच पाहावे लागले असते. हे वाक्य कोणाच्याच आवृत्तीत नाही, म्हणून मी येथे लिहून ठेवतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी पेन्शनच्या कामासाठी, निजामाच्या काळातल्या नोकरीचे कागद काढायला, मी हैदराबादला गेलो होतो. तेथल्या एका ग्रंथालयात वेळ काढीत बसलो असता त्याच साप्ताहिकाचे बांधीव खंड मला दिसले, आणि दुसऱ्याच दिवशी ते पान सापडले. कोपऱ्यासकट! राजकन्येचे नाव होते, देशाचे नाव होते. त्यावरून ज्ञानकोशात तिचा शेवटही मिळाला. परक्या शहरात भाड्याच्या एका खोलीत शिवणकाम करून ती जगली आणि तिथेच वारली. मूल नव्हते, घराणे तिच्याबरोबर संपले. शिवाय तो देश साडूंचा नव्हताच. सोळा पिढ्या भलत्याच घरच्या होत्या. वीस वर्षांचे भांडण मी जिंकले होते, आणि मला तेव्हा अतिशय आनंद झाला, हे मी लपवीत नाही.

परभणीला उतरताच मी साडूंना कार्ड लिहिले. ‘आपली राजकन्या गेली. अखेरीस फार हाल झाले. मागे मूलबाळ नाही. सविस्तर भेटीत.’ आणि टपालपेटीत टाकण्यापूर्वी मी कार्डाचा कोपरा फाडला. मरणाची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची आमच्याकडे रीत आहे. पोस्टमनच्या हातात तसले कार्ड दिसले की वाचण्याआधीच घरात रडे सुरू होते. दीक्षेनंतर मी असल्या रूढींवर भाषणे दिली होती. या वेळी मी ती गंमत म्हणून पाळली.

दोन दिवसांनी दुपारी माझ्या शाळेतला एक जुना शिक्षक धापा टाकीत दारात आला. “सर, तुमचे साडू अन् त्यांची मंडळी सकाळच्या गाडीत दिसली. सेलूकडं जायलेत. बाई ऊर बडवायली होती. म्हणे राजकन्या गेली.” मी पुढची गाडी पकडली. त्या प्रवासात माझ्या मनात काय चालले होते, ते लिहिण्याची माझ्या लेखणीची योग्यता नाही.

राजीच्या सासरी घडले ते मेहुणीने मला नंतर सांगितले. फाट्यापासूनच तिने हंबरडा फोडला होता. दोघे अंगणात शिरले तेव्हा आतून शेणाच्या हातांनी एक बाई बाहेर आली. ती इतकी वाळली होती की आईने तिला ओळखले नाही. त्या बाईने विचारले, “कोन गेलं, आई?”

मेहुणीने पुढे होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. राजीच्या मनगटांवर तापल्या उलथन्याचे डाग होते, काही जुने, काही ओले. सासू दारातून म्हणाली, “पोटाला तर काई आलं न्हाई, अन् रडायला बगा किती मानसं!” साडूंनी मुलीचा हात धरला आणि ते म्हणाले, “चल.”

सासरा आडवा आला. “असं कसं नेता? परवानगी कुनाची?”

आयुष्यभर नियमाने वागलेल्या त्या माणसाने खिशातून माझे कार्ड काढले आणि फाटका कोपरा त्याच्यासमोर धरला. “हे वाचा. ती गेली म्हून लिवलंय, तुमच्याच पावन्यानं लिवलंय. गेलेल्या मानसाला परवानगी लागत न्हाई.”

मी सेलूला उतरलो तेव्हा ते तिघे फलाटावरच होते. राजी आईच्या पदराखाली बसली होती. साडू तिकीटखिडकीपाशी उभे होते, बाहेरच्या बाजूला. त्यांचा आणि मेहुणीचा रेल्वेचा पास होता. लग्न झालेल्या मुलीचे नाव मात्र बापाच्या पासातून कमी होते. आतला बाबू ओळखीचा निघाला. त्याने विचारले, “रिटर्न देऊ का, भाऊ?”

“नको,” साडू म्हणाले. “शिंगल. हिला परत यायचं न्हाई.”

त्यांनी ते तिकीट तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिले. मग मला पाहिले. मी जवळ जाऊन सगळे सांगितले: कार्ड, ग्रंथालय, कोणती राजकन्या ते. शिव्या खाण्याची माझी तयारी होती. साडूंनी फक्त विचारले, “म्हंजी आक्कासाहेब गेल्या?” मी मान हलवली. तेव्हा तो माणूस बाकावर बसून रडला. मेहुणे म्हणतात, मुलगी जिवंत सापडल्याच्या आनंदाने रडला. मेहुणे तिथे नव्हते. राजी उठून आली आणि तिने पुन्हा तेच विचारले, “कोन गेलं?” ते म्हणाले, “तुजी आत्या गेली, पोरी.”

आता तरुणांची आवृत्ती: गुरुजींनी हेतुपुरस्सर संदिग्ध कार्ड लिहून मुलीची सुटका केली. माझ्या सत्काराचाही घाट घातला होता. तो मी मोडून काढला. मी ते कार्ड फुशारकीपोटी लिहिले. फुशारकी आणखी दोन वर्षे आवरली असती तर कोपरा फाडलेले राजीचे खरे कार्डच मला लिहावे लागले असते. सुटका केली ती तिकीट काढणाऱ्याने. देवगाव फाट्याकडच्यांना एवढेच सांगतो की मी कारस्थानी असतो तर तीन वर्षे आधी असतो.

त्यानंतर साडूंनी आक्कासाहेबांचे नाव काढले नाही. पेटीचे झाकण मिटलेलेच असे. मी जाऊन बसलो की आम्ही पावसापाण्याचे बोलत असू, आणि ते माझ्या प्रत्येक मताशी सहमत होत. साडू असे सहमत होऊ लागले तेव्हाच माझे अर्धे आयुष्य संपले. सोळा पिढ्या भलत्याच घरच्या होत्या, हे मी त्यांना सांगितले नाही. ते निवृत्त झाल्यावर वर्षभराने मला चुडाव्याहून कार्ड आले. अक्षर राजीचे. ‘बाबा गेले. मागे मी आहे.’ मी कार्डाच्या चारही कडांवरून बोट फिरवले. कोपरा कुठेही फाडलेला नव्हता.

राजी पुढे झरीला बालवाडीत लागली. मागल्या महिन्यात मी तिकडे गेलो होतो. हैदराबादच्या ग्रंथालयात आक्कासाहेबांचे नाव आणि देश उतरवून घेतलेली चिठ्ठी माझ्या खिशात होती. आपण हयात असतानाच सत्य योग्य वारसाकडे सोपवावे, असा माझा विचार होता. दारापर्यंत पोचलो तर आत वीस-पंचवीस पोरे एकामागे एक, खांदे धरून, आगगाडी करून फिरत होती आणि एका सुरात भलत्याच देशाचे राजे म्हणत होती. अकराव्या राजाशी राजीने हात वर केला. “हितं गाडी बदलायची!” सगळी गाडी वळली. भिंतीला लावलेली, साडूंनी निवृत्तीच्या वेळी रेल्वेच्या लिलावात घेतलेली चुडाव्याची खुर्ची नुकतीच पुसलेली दिसत होती. माझ्याकडे पाहून राजी म्हणाली, “बसा की, काका.”

मी म्हणालो, “नको. तुझे चालू दे.” आणि सोळावा राजा येईपर्यंत दारातच उभ्याने ऐकत राहिलो.