कशावरून मॅडम

कशावरून मॅडमना नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची सोय नव्हती. “कशावरून गुड?” असं त्या तिथल्या तिथं विचारायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत वर्गाच्या दारात उभं करायच्या. “पाऊस नाय मॅडम, एसटी टायमावर आली,” असं काहीतरी कारण दिलं की म्हणायच्या, “हं. आता बस.” मुरबाडच्या आमच्या कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायच्या. नेमणूक तासावरची, पण ऐट कुलगुरूची. शहापूरहून किन्हवलीमार्गे येणाऱ्या एसटीतून त्या उतरल्या की स्टँडवरची पोरं सिगारेटी आणि पोरी हसणं विझवायच्या.

आमच्याकडे प्रकल्प म्हणजे आदल्या वर्षीच्या प्रकल्पाला नवं कव्हर. ही प्रथा इतकी जुनी होती की चुकासुद्धा पिढीजात होत्या. माझ्याच वर्गातल्या संतोषनं ‘सिद्धगड: एक अभ्यास’ असा जाडजूड प्रकल्प दिला. मॅडमनी तो चाळला.

“सिद्धगडावर गेला होतास?”

“नाय मॅडम.”

“मग गड तुला भेटायला आला होता?”

संतोष म्हणाला, “माझ्या मामाचं गाव तिकडंच हाये.” मॅडम म्हणाल्या, “मामानं तरी वर बघितलंय का, ते विचारून ये.” विचारलं तर मामाही कधी चढला नव्हता.

त्या वर्षी त्यांनी संतोषला आणि मला जोडीनं विषय दिला: ‘मुरबाडला रेल्वे का नाही?’ आम्हाला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पण गावात फिरलो तर प्रत्येकाकडं स्वतःचं पक्कं उत्तर होतं. न्हावी म्हणाला, एका इंग्रज साहेबाला इथले डास चावले म्हणून त्यानं नकाशावरची रेघ पुसली. एसटीचा कंडक्टर म्हणाला, जीपवाले येऊ देत नाहीत. जीपवाला म्हणाला, एसटीवाले येऊ देत नाहीत. माझे बाबा म्हणाले, “शहापूरवाल्यांना उंबरमाळीसारख्या जंगलात गाडी मिळाली. आपल्याला काय, तर धूळ!” आणि हे सगळं त्यांनी मॅडमच्या गावावर राग काढल्यासारखं सांगितलं.

मला लाज वाटली. हे लिहायचं कसं? मॅडम म्हणाल्या, “सगळं घे. फक्त कोण म्हणालं आणि त्याला कुणी सांगितलं, ते पुढं लिही. ऐकलेलं ‘ऐकलं’ म्हणून लिहायला लाजायचं नसतं. ऐकलेलं ‘सिद्ध झालं’ म्हणून लिहिणाऱ्यांनी लाजावं. पण त्यांना लाज नसते.”

मग त्यांना वाटलं, हे आवाजच लोकांना ऐकवावेत. आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन पुन्हा फिरलो. कॉलेजात नुकतेच कॉम्प्युटर आले होते. ते सगळे झाकून ठेवलेले, आणि खोलीबाहेर देवळासारख्या चपला काढायच्या. तिथं टेप जोडून आवाज आत घ्यायचे, फोटो लावायचे, अक्षरं टाकायची. हे सगळं संतोषला जमायचं. पहिल्या खेपेला त्यानं प्रत्येक अक्षर गिरक्या घेत आणलं, वर दर अक्षराला काच फुटल्याचा आवाज. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बाबा, अक्षरं लोकांनी वाचायची आहेत, पकडायची नाहीत.” शेवटी त्यानं परदेशातल्या लालभडक आगगाडीचं चित्र लावलं होतं. तेही त्यांनी काढायला लावलं आणि त्या जागी आम्ही टाकला कल्याणला निघालेल्या जीपचा फोटो. मागून बघितलं तर जीप दिसतच नव्हती, नुसते लोंबकळणारे पाय.

सगळ्यात शेवटी धर्माआजोबांचा आवाज होता. ते आमच्या गावचे, भात लावता लावता म्हातारे झालेले. आधीचे पाचसहाजण वेगवेगळ्या निवडणुकांतली आश्वासनं आठवून ‘रेल्वे येनार’ म्हणायचे, आणि त्यावर आजोबा म्हणाले होते, “रेल्वे येनार नाय.” संतोषनं त्यातला ‘नाय’ कापला. त्यामुळं सगळे एका सुरात ‘येनार, येनार, येनार’ म्हणायला लागले. प्राचार्यांना ते फारच आवडलं. “उत्तम! आशावादी!” म्हणाले, आणि कार्यक्रम थेट स्नेहसंमेलनात घातला. प्रमुख पाहुणे म्हणून येणाऱ्या पुढाऱ्यांनीही नुकतीच रेल्वे आणायची घोषणा केली होती.

मॅडमनी ते ऐकलं मात्र, त्यांचा चेहरा बदलला. “आजोबांचा ‘नाय’ कुठं गेला?”

“मॅडम, त्यानं लय तुटत होती.”

“म्हाताऱ्यानं तुला विश्वासानं वाक्य दिलं. तू अर्धं परत केलंस.”

प्राचार्य तिथंच होते. म्हणाले, “मॅडम, एका शब्दानं काय होतंय?”

“तेच म्हणते सर. मग राहू दे की.”

प्राचार्य हसले. विषय मिटला, असं त्यांना वाटलं. ते गेल्यावर मॅडमनी संतोषला खुर्चीवरून उठवलं. “तू बाजूला हो. हे माझ्या हातून झालेलं बरं.” त्यांना कॉम्प्युटर धड येत नव्हता. संतोष लांब उभा राहून सांगत होता, त्या एका बोटानं करत होत्या. ‘नाय’ जागेवर बसला.

संमेलनात सभामंडप गच्च भरला होता. ‘येनार, येनार’ सुरू झालं तसे पाहुणे मान डोलावू लागले. मग आला आजोबांचा आवाज. ‘नाय’ असा घुमला की मागच्या रांगांतून शिट्ट्याच शिट्ट्या. पाहुणे कसलेले होते, तेही हसले. भाषणात म्हणाले, “आजोबांना त्यांच्या हयातीत रेल्वेत बसवीन!” समोर बसलेले धर्माआजोबा उठले आणि मला ओरडून म्हणाले, “ह्ये पन टेपात घे गो!”

हसले नाहीत ते एकटे प्राचार्य. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मॅडमसाठी तास शिल्लक नव्हते.

मी आणि संतोष शहापूरला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि मॅडम चुलीपुढं तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. संतोष रडायलाच लागला. “मॅडम, आमच्यामुळं तुमची नोकरी गेली.”

“तुमच्यामुळं? नोकरी माझी, घालवली मी. त्यात वाटा मागू नका,” त्या म्हणाल्या आणि ताटात सुकट वाढली. पुढं काय करणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं.

स्टँडवर सोडायला आल्या. मी वाकून नमस्कार करायला गेले, तर मला खांद्याला धरून उभं केलं. “आणि आता मॅडम नको. पगार बंद, मॅडम बंद. ताई म्हणा.” ते आमच्या तोंडून काही निघेना. आम्ही नुसती मान हलवून एसटीत चढलो.

गाडी हलली तेव्हा संतोषनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, “ताई, येतो आमी!”

स्टँडवरच्या यच्चयावत बायांनी वळून बघितलं. त्यांच्यामधून एकच हात वर झाला.