शोरूमकाकांनी बसवलेला कूलर

शोरूमकाकांनी फर्निचरच्या दुकानात उभं आयुष्य उभ्यानेच काढलं आणि निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीच तिथून एक गोष्ट घरी आणली: नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही. दुकानात सोफ्याचं प्लास्टिक निघालं की सोफा जुना झाला, आणि मग मालकाची बोलणी खायची. हा धडा काकांनी इतका मनावर घेतला होता की घरातला रिमोट पिशवीत राहायचा, फ्रिजच्या दारावर अजून कारखान्यातलं पातळ प्लास्टिक होतं आणि खुर्च्यांवर बसलं की त्या चर्रचर्र बोलायच्या. पाहुणे हसायचे. काका म्हणायचे, "हसा, हसा. माझा फ्रिज तुमच्यापेक्षा तरुण दिसतो."

काकूंचा जीव मात्र वस्तूंत नव्हता, पुस्तकांत होता. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी त्या आतल्या खोलीत बसून पुस्तकं मोठ्याने वाचायच्या आणि ती कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ग्रंथालयाला पाठवायच्या. हे काम मिळाल्यापासून त्यांचे गुडघे दुखायचेसुद्धा कमी झाले होते. आणि नेमका तो टेबलाखालचा कॉम्प्युटरच त्यांच्या मुळावर उठला होता. त्याच्या प्रोसेसरला थंड ठेवणारा पंखा एवढासा, पण दोन परिच्छेद होईस्तोवर गिरणीसारखा घरघरायला लागायचा.

"ताई, वाचता तुम्ही सुरेख," ग्रंथालयातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "पण मागे सारखी घरघर येते. ऐकणाऱ्यांचं डोकं उठतं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत स्वच्छ नमुना पाठवा, नाहीतर ही कादंबरी मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल."

काकू त्या दिवशी नीट जेवल्या नाहीत. काकांना ते बघवेना. त्यांनी लांब राहणाऱ्या लेकीला फोन लावला आणि तिने त्या घरघऱ्या पंख्याच्या जागी प्रोसेसरवर बसवायचा, मोठ्या, संथ फिरणाऱ्या पंख्याचा नवा कूलर पाठवून दिला. वर बजावलंही, "बाबा, दुकानात नेऊन बसवून घ्या."

"दुकानात कशाला? आयुष्यभर कपाटं जोडलीत मी!"

शुक्रवारी दुपारी काकांनी कॉम्प्युटर आडवा घातला. जुना पंखा काढला तर पात्यांवर धुळीचं घोंगडं. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी पेस्ट वाळून गेली होती, ती त्यांनी पुसून काढली आणि नवा कूलर खोक्यातून बाहेर घेतला. पातळ पत्र्यांचा गठ्ठा, त्याला तळहाताएवढा पंखा, आणि तळ इतका चकचकीत की काकांना त्यात स्वतःच्या मिश्या दिसल्या. त्या तळावर पारदर्शक प्लास्टिक होतं आणि प्लास्टिकवर लाल सूचना: बसवण्यापूर्वी काढा. काकांनी ती नीट वाचली. पण असल्या सूचना गिऱ्हाइकांसाठी असतात आणि आपण पडलो दुकानाच्या बाजूचे, यावर त्यांची अजूनही श्रद्धा होती. प्लास्टिक तसंच ठेवून त्यांनी प्रोसेसरवर पेस्टचा थेंब टाकला, वर कूलर चढवला आणि स्क्रू आवळले. काम दिसायला अगदी सुबक झालं.

बटण दाबलं आणि खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

"अहो, चालू आहे ना?"

"दिवा लागलाय की!"

काकू इतक्या खूश झाल्या की त्यांनी चहासुद्धा न मागता आणून दिला. मग त्या वाचायला बसल्या. पान संपायच्या आत नवा पंखाही जीव तोडून पळायला लागला आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर काकूंनी पुस्तक मिटलं. त्या चिडल्या असत्या तर काकांना परवडलं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या. मी कळवते बाईंना, द्या म्हणावं दुसऱ्या कोणाला."

 काकांनी पुन्हा लेकीला फोनवर गाठलं.

"पेस्ट लावलीत?"

"लावली."

"स्क्रू?"

"आवळले."

लेकीला संशय आला. तिचं सगळं बालपण त्या चर्रचर्र खुर्च्यांवर गेलं होतं.

"बाबा, तळाचं प्लास्टिक काढलंत?"

"काढू कसं? नवी वस्तू आहे!"

फोनमधून हसण्याचा जो काही स्फोट झाला तो काकूंनाही ऐकू गेला. "अहो बाबा, प्रोसेसरची सगळी उष्णता त्या तळातूनच वर जाते. रेनकोट घालून आंघोळीला बसवलंत तुम्ही त्याला!"

काकांनी निमूटपणे कूलर उतरवला, प्लास्टिकचं टोक नखात धरलं, डोळे घट्ट मिटले आणि ओढलं. दाढ उपटून घेताना होतो तसा चेहरा झाला होता त्यांचा. नवी पेस्ट लावून त्यांनी कूलर परत बसवला आणि पुन्हा काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून तिथेच जमिनीवर बैठक मारली.

काकू वाचू लागल्या. पंखा शांत होता. एरवी घरघर नको म्हणून काका दार लोटून बाहेर बसायचे, त्यामुळे बायको वाचते कशी हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गोष्टीत एक म्हातारा नावाडी रुसून गेलेल्या भावाला आणायला नदीपार निघाला होता. काका आधी कॉम्प्युटरकडे बघत होते, मग नुसते काकूंकडे बघायला लागले. नावाडी झोपडीत शिरला. आत कोणी नव्हतं, पण चूल अजून गरम होती. इथे काकू जराशा थांबल्या.

"मग?" काका म्हणाले.

म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. माइक चालूच होता. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं त्या अनोळखी माणसांसाठी वाचत होत्या. घरातल्या माणसाने पुढचं कधी विचारलं नव्हतं. त्यांना भरून आलं, पण आवाज बिघडायला नको म्हणून त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुढचं वाक्य वाचलं. प्रकरण संपेपर्यंत काका हलले नाहीत.

पुन्हा वाचायला वेळ उरला नव्हता. नमुना होता तसाच गेला. थोड्याच वेळात बाईंचा फोन आला.

"ताई, घरघर अजिबात नाही. कादंबरी तुमचीच. फक्त मधे कोणीतरी 'मग?' म्हणतंय, तेवढं कापते."

"कापाच," काकू म्हणाल्या, "ते फक्त मला विचारलंय."