केळझरचा पहिला मान

गजेंद्रचा सारा जीव तीन सर्व्हरांत, आणि तिन्ही सर्व्हर तीन गावांत. एक सिंदी मेघेच्या मुख्य कॉलेजात, दुसरा रोहण्याच्या, तिसरा केळझरच्या. संस्था एक, सचिव भैयाजी एक, आणि संगणकवाला म्हणून गजेंद्रही एकच. तोही सहा वर्षांपासून कंत्राटी. साल होतं दोन हजार पाच. इंटरनेट असं, की सॉफ्टवेअरचं एक पॅकेज उतरवायला लावावं आणि जेवून, पान खाऊन सावकाश परत यावं. म्हणून गजेंद्र सगळं सिंदी मेघेत उतरवून सीडीवर घ्यायचा आणि एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवायचा. सीडीही एकच, पुसून पुन्हा लिहायची. दुसरी मागितली की भैयाजी विचारायचे, "पयली झिजली का?"

माणूस मात्र शिस्तीचा. तिन्ही सर्व्हरांवर तेच पॅकेज आणि तीच आवृत्ती, हा त्याचा हट्ट. नवं बसलं की जुन्या फायली पुसून टाकायच्या, हा त्याचा नियम. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे नवं काहीही आधी केळझरला घालायचं. तिथं आठ दिवस चाललं, तरच बाकीच्यांचा नंबर.

"लग्नाची पयली पत्रिका गणपतीले देतेत का नाई? मंग पयला मान केळझरचाच," असं तो तिथल्या क्लार्क शोभाबाईंना सांगायचा. केळझरचा गणपती पंचक्रोशीत प्रसिद्ध. शोभाबाई सीडी आधी त्याच्या देवळात नेऊन पायाशी ठेवायच्या, मग मशीनमध्ये घालायच्या आणि गजेंद्र फोनवर सांगेल ती बटणं दाबायच्या. खरी गोम वेगळीच होती. बिघडलंच तर केळझरला बिघडावं, भैयाजींच्या नजरेसमोर नको, एवढाच त्या भक्तीचा अर्थ. लबाड नव्हता हो तो, घाबरट होता.

त्या जूनमध्ये भैयाजींनी त्याला बोलावलं. "पंधरा दिवसांनी सोमवारी विद्यापीठाची कमिटी येऊन राह्यली. तिन्ही ठिकानी एकसारखं चाललं पाह्यजे. नीट पार पडलं तं तुह्या कायम ऑर्डरवर सही करतो."

याच सहीसाठी गजेंद्र सहा वर्षं झुरत होता. सासरे दर दिवाळीला विचारायचे, "जावाई, झाले का कायम?" आणि हा करंजीचा घास तोंडात धरून बसायचा.

कमिटीपुढं नवीच आवृत्ती दिसावी म्हणून नव्या पॅकेजची सीडी केळझरला गेली. रोज फोन. "चालते का?" "एक नंबर चालते," शोभाबाई म्हणायच्या. इतकं बिनबोभाट आजवर कधी झालं नव्हतं. गणपती पावला असं समजून गजेंद्रनं सीडी परत न मागवता शनिवारी सकाळी सिंदी मेघेच्या मशीनवर नवं घातलं, उघडूनही न पाहता त्याच फायली दुसऱ्या मशीनच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, ती डिस्क काढून पिशवीत टाकली आणि रोहण्याची बस पकडली. तिथं नवं घालून प्रवेशाचा प्रोग्राम उघडला. उघडेल तर शपथ. सिंदी मेघेला फोन लावला, तिथंही तीच बोंब. नव्या पॅकेजशी त्या जुन्या प्रोग्रामचं जमत नव्हतं. जुनं परत घालावं, तर जुन्या फायली त्यानंच शिस्तीत पुसल्या होत्या. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता गड्यानं.

पण मग केळझरला कसं चालतंय? रविवारी सकाळी तो तिथं पोचला. शोभाबाईंनी कॉलेज उघडलं. प्रोग्राम झटक्यात सुरू झाला. गजेंद्रनं आवृत्ती पाहिली.

"शोभाबाई, हे तं जुनंच हाय."

"मंग? सीडी गणपतीपाशी नेली, पाया लावली अन् आनून कपाटात ठेवली. मशीनीत नाई घातली. बटनं तुमी सांगत गेले, मी नुसती हो हो म्हनत गेली."

"अन् फोनवर एक नंबर चालते म्हनत होत्या."

"चालतच होतं ना. नाई घातली म्हनूनच चालत होतं." शोभाबाईंचा आवाज चढला नाही. "दोन वर्षांत अकरा डाव बंद पडलं, भाऊ. पोरी दाखल्यासाठी दिवसदिवस पायरीवर बसून राहत. दर डाव इथंच काऊन बिघडते, हे मले समजत नाई का? गणपतीले नैवेद्य दाखवतेत. भाजीत मीठ बरोबर पडलं का, हे पाहाले त्याले नाई चाखवत."

गजेंद्रला लाज वाटली, अगदी मनापासून. "चुकलं माह्यं," तो म्हणाला.

"चुकलं ते मंग पाहू. जुन्या फायली इथं हायेत का तुमच्या?"

होत्या. नवं बसलंच नव्हतं, तर जुनं पुसणार कोण? पण सीडी लिहायची सोय सिंदी मेघेतच, आणि ती सुटी डिस्क रोहण्यातच राहिलेली. मग केळझरच्या मशीनचा अख्खा डबाच चादरीत गुंडाळला गेला आणि एसटीत शोभाबाईंच्या मांडीवर बसला, कारण गजेंद्रच्या हाती तो द्यायला त्या तयार नव्हत्या. संध्याकाळपर्यंत सिंदी मेघे सुरू झालं, मग रोहणा. शोभाबाई आपला डबा घेऊन शेवटच्या गाडीनं परतल्या.

सोमवारी कमिटीनं तिन्ही कॉलेजं पाहिली आणि तिन्हीकडे एकसारखी आवृत्ती पाहून मान डोलावली. ती एकसारखी जुनी होती, हे कोणी विचारलं नाही. भैयाजींनी सही केली.

त्यानंतर नवं काहीही आलं की गजेंद्र आधी स्वतःच्या टेबलावरच्या मशीनवर घालू लागला. पण ते पुढचं. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी तो पेढे घेऊन पहिल्यांदा केळझरला गेला. पुडा उघडून शोभाबाईंसमोर धरला.

शोभाबाईंनी हात पुढे केला नाही. "आधी तुमी खा," त्या म्हणाल्या.

त्यानं एक पेढा खाल्ला. शोभाबाई थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी एक उचलला.