भाचीचं औषध

“आणखी सहा महिने कसंबसं ढकल गा. माझी भाची औषध काढून राहिली,” मामाजी शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला सांगत होते.

“केव्हा? मी गेल्यावर?” म्हातारा म्हणाला.

डायलिसिसच्या खोलीच्या दारात मी डबा घेऊन तशीच थांबले.

मामाजींइतका टापटिपीनं आजारी पडलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नसेल. आठवड्यातून दोनदा सालेकशाहून रेल्वेनं गोंदियाला येतात ते इस्त्रीच्या सदऱ्यात. मशीनसमोर गबाळं कसं जायचं? दिवसाचं पाणी ते औषधाच्या टोपणानं मोजून पितात आणि घरी कोणी पाहुणा पाणी प्यायला लागला, की त्याच्या घशाकडे बघत राहतात. वजन करतात गावच्या सोसायटीतल्या धान खरेदीच्या काट्यावर. अंगात पाणी साठून ते वाढलं, की हमालाला ओरडून सांगतात, “लिही, माल चांगला, ओलावा जास्त!” हमाल हसतो. मामी हसत नाही.

मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत किडनीच्या पेशींवर काम करते. एकदा मामाजींनी फारच खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं, की काही आरएनए स्वतः प्रथिनं बनवत नाहीत, पण कुठलं जनुक दाबायचं ते ठरवतात. त्यातले काही आजारात वाढतात. मग पेशींना चरबी जाळून ऊर्जा मिळवता येत नाही, त्या उपाशी राहतात आणि किडनी हळूहळू निबर होते.

“म्हणजे आमच्या सोसायटीचा अध्यक्ष,” मामाजी म्हणाले. “खुद काही करत नाही, दुसऱ्याले करू देत नाही. हटव त्याले, बाई.”

मी नुसती हसले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो; तिचा शब्द खोटा होत नाही म्हणतात. मामाजींनी तर माझं गप्प बसणंही शब्द म्हणून धरलं.

बाहेरच्या बाकावर मामी फाईल मांडीवर घेऊन बसली होती. तिची किडनी जुळली होती. उशीर करू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

“ऑपरेशनच्या कागदावर सहीच करत नाहीत,” ती हळूच म्हणाली. “म्हणतात, भाचीचं औषध येऊन राहिलं, तुले काऊन चिरायचं?”

मी आत गेले. मामाजींनी सुई नसलेला हात माझ्या पायांकडे नेला. मी मागे सरकले. शेजारचा म्हाताराही आमच्याकडे बघत होता.

“मामाजी, मी अजून उंदरांच्याच किडन्या तपासते. माझं औषध तुमच्या वेळेत येणार नाही. मामीची किडनी घ्या.”