जानरावची दुनळी

मोटारीच्या कारखान्यात दोन गोष्टी न मागता साठतात. मोडके नटबोल्ट आणि किस्से! नटबोल्ट भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र आपल्याच डोक्यात पडून राहतात आणि चार माणसं जमली की खुळखुळायला लागतात.

निजामाच्या राजवटीत बीडला करीम उस्तादांच्या कारखान्यात मी ऐरणीवर घण मारायला होतो. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. तरी आम्हाला जेवायला फुरसत नसे, कारण त्या रस्त्यावर कमी आणि आमच्याकडं जास्त असत!

*

उस्ताद माणसाशी 'बे' म्हणून बोलत आणि मोटारीशी 'आप' म्हणून. मला ओरडत, "क्या बे, पाना किधर डाला?" आणि लगेच बॉनेट उघडताना मोटारीला हळूच म्हणत, "माफ करना बेगम, जरा तकलीफ होगी."

एकदा मी धीर करून म्हणालो, "उस्ताद, कधी आमालाबी आप म्हणा की!"

उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पहले मेरेकू बिठाके औरंगाबाद लेके जा. फिर बोलता!"

*

आमच्या एका गिऱ्हाइकाकडं, देशमुखांकडं, आठ सिलिंडरची मोटार होती. इंजिनाच्या या अंगाला चार, त्या अंगाला चार. सपाटीवर अशी पळायची की बघत राहावं. पण देशमुखांची निम्मी शेती पाली गावाच्या पुढचा घाट चढून वर. आणि घाटात निम्म्यावर गेली की ही बाई धापा टाकत उभी राही. मग देशमुख खाली उतरणार, वाटसरू गोळा होणार आणि सगळे मिळून ढकलणार.

एक दिवस देशमुख लालबुंद होऊन कारखान्यात आले. "उस्ताद, काल माज्याच कुळाची बैलगाडी माज्या मोटारीच्या पुढं गेली! वर त्यानं थांबून इचारलं, 'सरकार, दोर लावू का?' आता आणखी एकदा थांबली, की मी ती इकून टाकणार!"

देशमुखांपेक्षा त्यांच्या ड्रायव्हरचा, जानरावचा चेहरा बघवत नव्हता. जानराव धनगराच्या घरातला. सगळं घराणं मेंढरांमागं आणि हा एकटा स्टिअरिंगमागं! मोटार गेली की याची रवानगी पुन्हा माळावर.

मालक गेल्यावर तो पायरीवर डोकं धरून बसला. उस्ताद म्हणाले, "कायकू रोता बे? मेंढरां बुरे हैं क्या?"

"वाईट न्हाईत, उस्ताद," जानराव म्हणाला. "पर त्यास्नी गियर न्हाई!"

*

उस्ताद दिवसभर मोटारीखाली पडून राहिले. संध्याकाळी बाहेर आले आणि शेजारच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं बोलावून आणली. सगळ्यांना कारखान्यात घेतलं, दाराची एक फळी घट्ट लावली आणि मागून जोरात ओरडले, "आग लगी! भागो!"

मग काय विचारता! एका फळीच्या वाटेत सगळे अडकलो. कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीत, पाय कुणाच्या धोतरात. उस्तादांनी शांतपणे पुढं येऊन लावलेली दुसरी फळी उघडली आणि आम्ही भसकन रस्त्यावर सांडलो.

"देखा?" उस्ताद खूश होते. "आठ जनों का धुआँ, और जाने कू नळी एक! धुआँ बाहर नहीं जाता, इंजन का दम घुटता. मैं दूसरी नळी लगाता. इधर के चार का धुआँ इधर से, उधर का उधर से!"

असं समजावणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आम्हाला सगळ्यांना पटलं. जानरावला तेवढं पटवायचं राहिलं, कारण तो पळत पळत बिंदुसरा नदीच्या पात्रात पोचला होता!

*

दुसऱ्या नळीसाठी मोडीत निघालेल्या कापसाच्या जिनिंगमधला एक पाइप मिळाला. पण तो सरळ, आणि मोटारीखाली तर तीन वळणं! पाइप नुसता तापवून वाकवला तर चेपतो. म्हणून आत कोरडी वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या आणि मग भट्टीत लाल करून वाकवायचा.

वाळू जानरावनं आणली. "सूखी है ना बे?" उस्तादांनी विचारलं. "एकदम कोरडी, उस्ताद!"

वरून कोरडी होती. आतल्या ओलीची भट्टीत वाफ झाली आणि धाड्‌कन खुंटी उडाली! ती समोरच्या कासाराच्या पातेल्यावर जाऊन आदळली. कासार "गोळी! गोळी!" ओरडत दुकानातल्या फळीखाली लपला. मी तोंडावर आपटलो होतो. जानरावच्या पटक्यात वाळू भरली होती.

उस्ताद धुरातून धावत आले आणि आमच्या अंगावरून उडी मारून पुढं गेले.

"पाइप कू तो नहीं लगा?"

*

नवीन नळी बसली. मागून बघितलं की दोन काळी तोंडं शेजारी शेजारी. जानरावला आभाळ ठेंगणं झालं. गावभर सांगत सुटला, "उस्तादानं माज्यासाठी दुनळी बनवली! लई भारी हाय!"

आधीच कासाराची गोळी, त्यात ही दुनळी! गावाला दुनळी म्हणजे बंदूकच ठाऊक. दुसऱ्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब पांढऱ्याशुभ्र शेरवानीत, दोन जवान घेऊन कारखान्यात हजर.

"बंदूक किधर है? परवाना दिखाव!"

उस्तादांनी अदबीनं त्यांना मोटारीच्या मागं नेलं आणि दोन नळ्या दाखवल्या. अमीनसाहेब नळ्यांसमोर उकिडवे बसले. एका नळीत डोकावले, मग दुसऱ्या नळीत डोकावले.

"चलती भी है?"

उस्तादांनी होकाराची मान हलवली. जानरावला वाटलं, आपल्यालाच खूण केली. त्यानं मोटार चालू केली!

धूर निवला तेव्हा अमीनसाहेबांच्या छातीवर काजळीची दोन गोल वर्तुळं उमटली होती. जवान दोन पावलं मागं सरले. साहेबांनी आधी आपली शेरवानी पाहिली, मग नळ्या पाहिल्या.

"निशाना अच्छा है," ते म्हणाले आणि निघून गेले.

*

मग घाटाचा दिवस आला. जानराव स्टिअरिंगवर, शेजारी उस्ताद, मागं देशमुख. त्यांच्या बाजूला मी, चाकाखाली लावायचा दगड मांडीवर घेऊन. पाली मागं पडली, चढ लागला, तसे देशमुखांनी डोळे गच्च मिटले. "थांबलेली मला बघवत न्हाई," म्हणाले.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. जिथं दर वेळी उतरावं लागे ते वळण आलं, आणि मी दगड उचलून दाराला हात घातला. पण मोटार न थांबता घुमत घुमत वर निघाली. जानरावच्या मानेवरून घाम ओघळत होता.

शेवटी चढ संपला. सपाटीवर येऊन जानरावनं मोटार उभी केली.

"थांबली?" देशमुखांनी डोळे मिटूनच विचारलं.

"थांबली, सरकार."

"म्हणलं न्हवतं मी! उतरा, ढकला आता!" देशमुख चाचपडत उतरले, बाह्या सारल्या, मागं जाऊन मोटारीला खांदा लावला आणि डोळे उघडले. समोर त्यांचीच ज्वारी उभी होती.

"घाट कुठंय?"

"खाली राह्यला, सरकार," जानराव म्हणाला.

देशमुखांनी वाकून त्या दोन नळ्या नीट बघितल्या. मग गाडीत येऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

"जानराव, मोटार परत खाली घे. आता डोळे उघडे ठिवून चढतो!"